चार बोटं आणि जवभर

दिवाळी अंकात काही लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी नातीला म्हटलं, "बाई, मी न्हावी मानूस. मी जे काई केलं थे रोज संध्याकाळी झाडून टाकलं. लिहू काय?" ती म्हणाली, "आबा, तेलाचं लिहा न. कपाळाचं." म्हणून बसलो लिहायला. चूकभूल सातवी पास माणसाची समजावी. आणि माझा राग यायचा असेल तर तो पुरतं वाचून यावा, कारण रागवण्यासारखी गोष्ट शेवटाकडेच आहे.

सौंसरला बसस्टँडसमोर आमचं दुकान. आधी वडिलांचं, मग माझं, आता मुलाचं. कटिंग, दाढी, लहान लेकरांचं जावळ, दहाव्याचं मुंडण हे सगळ्याच न्हाव्यांकडे असते, तसं आमच्याकडेही होतं. पण आमचं नाव झालं ते वेगळ्याच कामानं. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाचे पुढचे केस मागे सरकायला लागले की तो आमच्याकडे यायचा. रामाकोन्याहून यायचे, पांढुर्ण्याहून यायचे. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला आलेली माणसं परत जाताना आमच्या दुकानी डोकं दाखवून जायची. एका खेपेत दोन्ही कामं उरकायची.

मला विचाराल तर हा रोग पूर्वीही होताच, पण टोपीखाली होता. माझ्या वडिलांच्या जवानीत उघड्या डोक्याचा माणूस दिसला की लोक विचारायचे, घरात कोणी गेलं का बाप्पा? शेतकऱ्याच्या डोक्याला फेटा, वाण्याच्या डोक्याला काळी टोपी, मास्तरालाही टोपी. माणसाचं कपाळ किती वर चढलं हे एक त्याच्या बायकोला माहीत आणि दुसरं न्हाव्याला. दोघंही बोलत नसत. स्वातंत्र्य आलं तेव्हा तर पांढऱ्या टोप्यांचं पीकच आलं, ज्याला त्याला टोपी. आणि मग दोन-चार वर्षांत काय झालं कोण जाणे, नागपूरला शिकायला गेलेली पोरं भांग पाडून, उघड्या डोक्यानं परत येऊ लागली. त्यांचं पाहून ऑफिसातले बाबू, दुकानदार. टोप्या खुंटीवर गेल्या आणि मग भल्या भल्या माणसांना समजलं, आपलं डोकं तर अर्धं रिकामं झालं.

असा माणूस सकाळी येत नसे. दुपारी, दुकानात कोणी नाही असं पाहून यायचा. आधी दाढी करून घ्यायचा. मग उठता उठता हळूच म्हणायचा, "सीताराम, पाय बरं जरा. केस मांगं गेले का?"

सीताराम म्हणजे माझे वडील. त्यांचं तेल काही गुपित नव्हतं, मी सांगून टाकतो. तिळाचं तेल, त्यात माक्याचा ताजा रस, वाळलेला आवळा कुटून, आणि किराण्याच्या दुकानातून चार आण्याची जटामांसी. मंद विस्तवावर ठेवायचं. रसातलं पाणी असतं तोवर तेल तडतडतं. तडतड थांबली की उतरवायचं, एक क्षणही जास्त नाही. लावायचं ते बोटांच्या पेरांनी, नखं लागू न देता, कातडं हाडावरून सरकलं पाहिजे इतकं दाबून. डोक्यावर गोल चाई पडते तो प्रकार वेगळा. ती अचानक पडते आणि बहुतेक वेळा आपली आपण भरून येते. वडील तिच्यावर कांदा चोळायचे आणि भरून आली की यश आपल्याकडे घ्यायचे. एवढी लबाडी धंद्यात चालते. पण कपाळ चढलेल्या माणसाला मात्र ते एकच सांगायचे, शब्दही बदलत नसत. "थांबवून पाहीन. गेलेलं परत आनून देत नाई." ज्याला पटे तो बसे.

आता मापाचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. केस थांबले की नाही हे ठरवायचं कसं? आरसा असतो, पण माणूस आरशात रोज पाहतो म्हणून त्याला काहीच दिसत नाही. वडील बोटांनी मोजायचे. दोन भुवयांच्या मधोमध करंगळी आडवी टेकवायची, तिच्यावर एकेक बोट बसवत केसांच्या कडेपर्यंत जायचं. चार बोटं भरलं तर चांगलं कपाळ. पाच भरलं तर दुसऱ्या हाताचं एक बोट लावावं लागे. बोटाहून कमी उरलं तर ते जवभर, दोन जव, असं दाण्याच्या मापानं सांगायचं. वहीत काही नव्हतं. ज्याचं माप त्याच्या ध्यानात. पंचक्रोशीतली मोठमोठी माणसं आपलं कपाळ पाठ करून फिरत होती.

उतावीळ गिऱ्हाइकं कमी नव्हती. रामाकोन्याचे एक संत्र्यांचे बागायतदार होते, झिंगरूजी. त्यांना थांबलेले केस नको होते, गेलेले पाहिजे होते. वडिलांनी नेहमीचं उत्तर दिलं तेव्हा ते रागानं उठून गेले. पुढे कोणीतरी त्यांना सांगितलं की बिब्याच्या उष्णतेनं बुजलेली मुळं उघडतात. गड्यानं बिबा फोडून कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी बिबा उतला. तोंड सुजून डोळे मिटले, बायको बैलगाडीत घालून घेऊन आली आणि सगळ्या रस्ताभर त्यांना बोलत आली. वडिलांनी खोबरं चावायला दिलं, खोबरेल तेलाचे लेप केले, पंधरा दिवसांत फोड बसले. कपाळावर मात्र काळा डाग राहिला, हातभर नाही पण चांगला रुंद. आम्हाला वाटलं आता हा माणूस तोंड लपवील. तर पुढच्या बाजारी आरशासमोर उभं राहून, मान वाकडी करून म्हणाले, "सीताराम, लांबून पायलं तं केसच वाटते का नाई?" वडील म्हणाले, "वाटते. लांबूनच दाखवा."

मी या धंद्यात उशिरा आलो. वस्तरा लहानपणीच शिकलो होतो, पण मला तो हलका वाटे. मी पांढुर्ण्याला कापसाच्या जिनात कामाला लागलो. सहा वर्षं गाठोडी उचलली, दोरखंड ओढले. अंगात ताकद होती, हातांची बोटं अशी जाड झाली की बायको म्हणायची, तुमच्या हातात भाकर लहान दिसते. वडिलांची बोटं याच्या उलट. बारीक, लांब, तुरीच्या शेंगेसारखी. मग वडिलांचा हात कापायला लागला. कपात चहा हलायचा. असल्या हातात वस्तरा कोण देईल? दोन-तीन महिने दुकान बंद राहिलं. ऐन चैत्रात मी जिन सोडलं आणि दुकान उघडलं. वडील मागच्या खोलीत खाटेवर, मी पुढे खुर्चीपाशी.

पहिल्याच रविवारी मनोहरराव आले.

मनोहरराव आमच्या गावचेच, नागपूरला सरकारी कचेरीत बाबू. नागपूर तेव्हा आपल्या राज्याची राजधानी होती. शनिवारच्या संध्याकाळच्या बसनं गावी यायचे, रविवारी सकाळी आमच्याकडे दाढी-तेल, सोमवारच्या पहिल्या बसनं परत. बाप लवकर गेला, दोन बहिणींची लग्नं यांनीच केली, त्यात स्वतःचं राहून गेलं. वय सदतीस. आता आईनं मनावर घेतलं होतं. आमच्या रस्त्यावर कापडाचं दुकान असलेले एक मामा होते, तेही आमच्याच बाकावर दाढीला बसायचे. त्यांची भाची कमलताई नागपूरला मुलींच्या शाळेत शिकवायची. तिशीतली, तिचंही घरच्या जबाबदारीत राहिलेलं. मामांनी गोष्ट काढली, आईनं फोटो पाठवला, तिकडून होकार आला, आता एकदा भेटून बोलू असा निरोप आला.

आणि इथेच घोडं अडलं. आईनं पाठवलेला फोटो दहा वर्षांपूर्वीचा होता, नोकरीला लागले तेव्हाचा. कपाळावर दाट केसांची झुलूप. मनोहरराव फोटोची एक प्रत खिशात ठेवायचे. मला दाखवली. मग टोपी काढली. मधली दहा वर्षं माझ्यासमोर उघडी झाली.

"टोपी घालून जा न मंग," मी म्हटलं.

"आन लगन झाल्यावर? झोपाले टोपी घालू?" ते म्हणाले. मग फोटो खिशात ठेवत, "फोटो खोटा नाई लक्ष्मण. माहाच आहे. फक्त जुना आहे. त्याले खरा करून घेऊ दे, मंग जातो. फसवून नाई जात मी कोनाकडे."

वडिलांच्या मापानं तरुणपणी त्यांचं कपाळ चार बोटं होतं आणि आता पाच. हे दोन्ही आकडे त्यांना पाठ. दुकान बंद असताना त्यांनी नागपूरच्या खोलीवर तेल नियमानं लावलं होतं. मी हात धुतले, करंगळी टेकवली, बोटं चढवली. चौथं बोट जिथे संपलं तिथून केसांची कड फक्त जवभर लांब.

"चार बोटं आन जवभर," मी म्हटलं.

ते खुर्चीतून उठलेच. "पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. तेच. एक आख्खं बोट केस पुढे आले होते. मला स्वतःला विश्वास बसेना. पण त्याच आठवड्यात दुसरं कपाळ मोजलं, तेही बोटभर कमी. तिसरं, चौथं, सगळ्यांची कपाळं उतरून राहिली होती. ज्यानं पाच सांगितलं त्याचं चार, ज्यानं साडेपाच सांगितलं त्याचं साडेचार. पंधरा दिवसांत बोलबाला झाला. सीताराम नुसते केस थांबवत होता, पोरगा परत आणून राहिला. पोराच्या हाताला गुण आहे. बाकावर जागा पुरेना, लोक रस्त्यावर उकिडवे बसू लागले. झिंगरूजीसुद्धा आले, काळ्या डागासह. मला काय वाटलं म्हणून सांगू? ज्या धंद्याला मी हलका म्हणून सोडून गेलो होतो, त्यानं मला माणूस केलं असं वाटलं. मी ताठ चालायला लागलो. वडिलांना म्हटलं, "बाबा, तुमचं तेल परत आनून राहिलं." ते म्हणाले, "असं होत नाई."

मनोहररावांचं एवढंच राहिलं होतं, जवभर. दर रविवारी मी मोजायचो आणि दर रविवारी जवभर उरायचं. "आलं, आता आलंच," ते म्हणायचे. मामांचा निरोप यायचा, या रविवारी येता का? हे सांगायचे, ऑफिसात तपासणी आहे. मग आईची तब्येत, मग अधिक काम. पावसाळा गेला, हिवाळा गेला, दुसरा उन्हाळा आला. मी एकदा म्हटलंही, "मनोहरराव, जवभरानं काय होते, जाऊन या." ते म्हणाले, "जवभरच राहिलं तं घाई कायले? एवढं थांबलो, आता पुरं करूनच जातो." माणूस लांब असला तर परत फिरतो, जवळ आला की थांबतो. त्यांना माझ्या मापानं थांबवलं होतं.

दुकानात त्या वर्षी दुसराही विषय होता. नवीन राज्यं होणार, रेघा ओढणार. बाकावर बसून लोक वाद घालायचे. आपण विदर्भासोबत जाणार की नाही? नागपूर मुंबई राज्यात चाललं म्हणतात. ज्यांच्या लेकी काटोल-वरुडकडे दिलेल्या ते म्हणायचे, म्हणजे आता पोरीकडे जायला परराज्यात जावं लागेल का? राजधानी भोपाळला होणार, नागपूरच्या कचेऱ्यांतले काही बाबू इकडे राहतील, काही तिकडे जातील, याद्या निघतील. मनोहररावांच्या कपाळावर तेल चोळताना कातडीखालची शीर उडताना माझ्या बोटाला लागायची. कमलताईंची नोकरी नागपूरची. यांची कुठे लागेल ते कोणाला माहीत नाही. लग्न आधी झालं तर अर्ज करता येईल, नवरा-बायकोला एकत्र ठेवा म्हणता येईल, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. मागच्या खोलीतून वडील एकदा म्हणाले, "रेघ ओढनारा कोनाच्या बोटानं मोजून राहिला थे आधी पाहा." सगळे हसले. मीही हसलो.

पोळा झाल्यावरच्या रविवारी मनोहरराव तेल लावून झाल्यावर वडिलांना भेटायला मागे गेले. वडिलांचे डोळे तेव्हा नीट काम करत नव्हते. "कोन, मनोहर? ये." हे पाया पडायला वाकले आणि वडिलांनी सवयीनं त्यांच्या कपाळाला हात लावला. कापत्या हाताची करंगळी भुवयांमध्ये टेकली, बोटं चढली, दुसऱ्या हाताचं एक बोट वर बसलं.

"पाच," वडील म्हणाले. "तसंच आहे. थांबलं."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. म्हातारा झाला, असं. मग बसस्टँडकडे गेले.

मी तिथेच उभा राहिलो. मग खाटेवर बसलो आणि वडिलांचा हात माझ्या हातात घेतला. त्यांना वाटलं मी दाबून देणार. त्यांची चार बोटं आणि दुसऱ्या हाताचं एक, अशी पाच जुळवून मी माझी चार बोटं त्यांच्यावर ठेवली. माझी चार, त्यांची पाच. त्यांच्या पाचाला माझी चार फक्त जवभर कमी पडली. जिनातली सहा वर्षं माझ्या बोटांत जाऊन बसली होती आणि मी ती प्रत्येकाच्या कपाळावर टेकवत होतो. एकाचाही केस परत आला नव्हता.

वडिलांना समजलं. ते म्हणाले, "मनोहरले सांग."

"हो."

"बाकीच्याइले नाई सांगतलं तं त्याइचं काई जात नाई. त्याचं जाऊन राहिलं. पुढच्या रविवारी सांग."

पुढच्या रविवारी मनोहरराव खुर्चीत बसले. बाकावर आठ माणसं होती, दोन पांढुर्ण्याची. मी करंगळी टेकवली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ थोडे हलत होते. देवासमोर हलतात तसे. "किती?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं, "आन जवभर."

तोपर्यंत जे झालं ती चूक होती. बोटांची होती, माझी नव्हती म्हणा. पण त्या रविवारपासून पुढे ती माझी. मी स्वतःला सांगायचो की एवढ्या लोकांसमोर कसं सांगू. मग एकदा कोणीच नव्हतं दुकानात, तरी नाही सांगितलं. खरं कारण बाकावरची गर्दी. आपल्या हाताला गुण आहे हे लोकांच्या तोंडून ऐकायची चटक लागली होती. मागच्या खोलीतून वडील रविवारी संध्याकाळी विचारायचे, "सांगतलं?" मी म्हणायचो, "पुढच्या." असे पाच रविवार गेले.

दसरा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी मनोहरराव सकाळी लवकर आले. मी दुकानाच्या फळ्या काढत होतो, तेव्हा शटर नव्हतं. आत येऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि बसले. दाढी झालेली होती, कपडे इस्त्रीचे होते.

"यादी लागली," ते म्हणाले. "मी भोपाळ. शुक्रवारी निघाचं आहे. थे बाई नागपूरलेच राहते, दुसऱ्या राज्यात. मामा म्हनते, आता येत असन तं ये, नाई तं आमी मोकळे." मग आरशात माझ्याकडे पाहिलं. "लक्ष्मण, मोज. तू चार म्हन, मी ह्याच बसनं जातो."

मी बोटं चढवली. खरं सांगतो, चार म्हणायला काहीच लागलं नसतं. ते आनंदानं गेले असते. आणि तिथे त्या बाईनं दार उघडताच त्यांना पाहिलं असतं. यांच्या खिशात फोटो, डोक्यात माझं चार, आणि कपाळ पाच. ज्या माणसाला कोणाला फसवायचं नव्हतं त्याला मी फसवा करून पाठवला असता. मागे वडील खोकले.

"पाच," मी म्हटलं.

"मस्करी नको करू, बस निघन."

"पाचच आहे. पहिल्यापासून पाच. माही बोटं जाड आहेत मनोहरराव. बाबाच्या पाचात माही चार बसते." आणि मग जे तोंडाशी होतं तेही सांगून टाकलं. "मले पोळ्यापासून माहीत आहे."

त्यांनी स्वतःचा हात वर नेला, कपाळावर ठेवला, बोटं मोजल्यासारखी हलवली आणि सोडून दिली. मग म्हणाले, "मंग दीड वर्ष मी कायची वाट पाहून राहिलो होतो?"

बाहेर नागपूरच्या बसचा हॉर्न वाजला. ते उठले आणि चालत गेले, पळाले नाहीत. कंडक्टरनं दार लावता लावता त्यांना आत घेतलं. बस गेल्यावर मी पाहिलं, टोपी खुंटीलाच होती. केस मागे सरकल्यापासून मनोहरराव उघड्या डोक्यानं गावाबाहेर गेले ते पहिल्यांदाच.

लग्न झालं नाही, एवढं नंतर समजलं. शुक्रवारी ते भोपाळला गेले. मामांनी आमच्या दुकानी दाढीला येणं बंद केलं आणि मी कारण विचारलं नाही. नोव्हेंबरात नवीन राज्य झालं. नागपूरची बस तीच होती, ड्रायव्हर तोच, फक्त ती आता परराज्यात जात होती. रस्त्यावर कोणतीही रेघ दिसत नव्हती.

त्याच महिन्यात मी वडिलांचा हात पाटावर ठेवला आणि बांबूच्या काडीवर त्यांच्या बोटांच्या खुणा कोरून घेतल्या, पाच बोटांपर्यंत. वडील हात स्थिर ठेवायची फार कोशिस करत होते. पुढच्या दिवसापासून मी काडीनं मोजायला लागलो. एका रात्रीतून सौंसर तालुक्याची कपाळं बोटभर चढली. काय बोलले लोक मला! झिंगरूजी म्हणाले, राज्य बदलल्यानं तुझ्या तेलाचा गुण गेला. मी ज्याला त्याला खरं सांगितलं, अर्ध्यांना पटलं नाही. बाक रिकामा झाला. वडिलांच्या वेळी यायचे तेवढेच उरले, ज्यांना थांबलेलं पुरत होतं. वडील पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या दहाव्याचं मुंडण माझं झालं. मुंडण मुलाचं होते. चुलतभावानं माझं डोकं केलं आणि दीड महिन्यात केस दाट परत आले. मला त्याचीही लाज वाटली.

मनोहरराव गावी यायचे तेव्हा दुसरीकडे दाढी करायचे. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. रिटायर झाल्यावरही भोपाळलाच राहिले, भाच्याजवळ. मी त्यांच्या टोपीची धूळ झाडायचो आणि पुन्हा खुंटीला लावायचो. दुकानाला रंग दिला, खुर्च्या बदलल्या, मुलगा बसायला लागला, खुंटी तीच ठेवली.

मग एका रविवारी ते आले. पंचाहत्तरीचे असतील. हातात काठी, अंगावर स्वच्छ सदरा. मुलगा दुसऱ्याची दाढी करत होता, त्याला हे कोण ते माहीत नव्हतं. ते माझ्या खुर्चीत बसले. डोक्यावर एकही केस नव्हता, कानांमागे पांढरी झालर तेवढी.

"मोज," ते म्हणाले.

मी काडी काढायला ड्रॉवर उघडला.

"काडी नको. बोटानं."

मी करंगळी टेकवली. एकेक बोट चढवलं. थांबायला कड कुठेच नव्हती, सगळं सपाट होतं. पण माझ्या हाताला ती जागा पाठ होती. तिथपर्यंत गेलो आणि पाहिलं, चार बोटं पुरली नाहीत. वर दुसऱ्या हाताचं एक लावावं लागलं. माझी बोटं आता वाळली आहेत, वडिलांसारखी झाली आहेत. इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"पाच," मी म्हटलं.

"हं." ते आरशात नाही, समोर रस्त्याकडे पाहत होते. स्टँडवर नागपूरची बस लागली होती. "तिले पहिल्यापासून माहीत होतं. मामा तुह्याच बाकावर बसत होता न? त्यानं फोटोसोबतच सांगतलं होतं, मानूस चांगला आहे, कपाळ चढलं आहे. तरी हो म्हटलं होतं तिनं. मंग मी जाऊनच नाई राहिलो, तं तिले वाटलं मलेच थे पसंत नाई." काठी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी गेलो त्याच्या आठ दिवस आधी तिनं दुसरीकडे शब्द देल्ला होता, मामालेही माहीत नव्हतं. चहा केला मले. म्हने, यवढं लांब आले तं चहा घेऊनच जा."

आठ दिवस. माझे पाच रविवार होते. पहिल्या रविवारी सांगितलं असतं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याही. मी मनात मोजत होतो आणि प्रत्येक वेळी तेवढेच भरत होते. माझी बोटं अजून त्यांच्या कपाळावरच होती. काढावी की ठेवावी समजेना.

"माहं चुकलं मनोहरराव," मी म्हटलं. चाळीस वर्षांच्या जवळपास झाली असतील, हे वाक्य तोंडात घेऊन मी फिरत होतो.

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान मागे टेकवली. "तेल लाव."

मी लावलं. कपाळापासून पार मानेपर्यंत, पेरांनी, कातडं हाडावरून सरकेल असं दाबून, वडिलांनी शिकवलं होतं तसं.